ऑस्करच्या टाकीत झाडं टिकत नाहीत? आधी मेलेलं झाड हातात घेऊन बघा

माझ्याकडे पाच बाय दोन बाय दोन फुटांची टाकी आहे, काठोकाठ भरली तर साडेपाचशे लिटरच्या वर पाणी मावतं. तीत ऑस्कर जातीचा एक मोठा मासा आहे. आणला तेव्हा दोन इंचांचा होता, काडेपेटीत मावेल एवढा. आता तोंडापासून शेपटीपर्यंत अकरा इंच भरतो. पहिल्या दीड वर्षात मी त्या टाकीत किती झाडं लावली याचा हिशेब ठेवला नाही. ठेवला असता तर घरात भांडणं झाली असती. दर तीन-चार आठवड्यांनी तोच प्रकार. सकाळी दिवा लावावा तर झाड मुळांसकट पाण्यावर तरंगतंय, खडीत परातीएवढा खड्डा, आणि साहेब काचेला तोंड लावून नाश्त्याची वाट बघतायत. सासूबाई म्हणायच्या, "अगं, हा मासा आणलायस की घूस?"

प्रत्येक वेळी मी दुकानात जाऊन तोच प्रश्न विचारायचे: "ऑस्करबरोबर टिकेल असं दणकट झाड द्या." दुकानदार देईल ते आणायचे, लावायचे, महिन्याने परत जायचे. बऱ्याच उशिरा लक्षात आलं की झाड मेलं कशाने हे मी एकदाही नीट बघितलेलं नाही. तरंगणारं झाड काढायचं, कचऱ्यात टाकायचं, ऑस्करला चार शब्द सुनवायचे, संपलं. मग एकदा बसून बघितलं, तेव्हा कळलं की निम्म्याहून जास्त झाडं ऑस्करने मारलेलीच नव्हती. काही मी मारली होती, काही सकर नावाच्या माशाने, आणि एक अख्खी तुकडी रूपचंद माशांनी फस्त केली होती. आळ मात्र सगळा ऑस्करवर.

म्हणून कुठलं झाड घ्यावं हे नंतर सांगते. आधी जुनं का गेलं ते शोधा, नाहीतर नवंही त्याच वाटेने जाईल.

झाडावरच्या खुणा

ऑस्करची खूण सगळ्यात सोपी. झाड अख्खं वर आलेलं असतं, मुळं शाबूत, जागेवर खड्डा. पान फाटलं असेल तर आडवं फाटलेलं किंवा देठातून मोडलेलं असतं, कुरतडलेलं नसतं. ऑस्कर हा अ‍ॅमेझॉन खोऱ्यातला, सिक्लिड कुळातला मासा. या कुळातल्या बऱ्याच माशांना तळ उकरायची, सामान हलवायची खोड असते. तो झाड खात नाही, ते त्याच्या आड येतं म्हणून हलवतो. जोडी असेल आणि अंडी घालायच्या बेतात असेल तर मग विचारायलाच नको. सपाट दगड घासून चकचकीत करतात, आजूबाजूचं सगळं साफ करतात, खड्ड्यावर खड्डे काढतात.

पानाचा वरचा हिरवा थर खरवडल्यासारखा गेलाय, शिरांची जाळी उरलीय, पान उजेडात धरलं की पारदर्शक ठिपके दिसतात? हे सकरचं काम. लहानपणी शेवाळ खातो म्हणून आणलेला सकर मोठा झाला की रुंद पानावर बसून पानच खरवडतो. बहुतेकांच्या ऑस्करच्या टाकीत एक सकर असतोच आणि त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही, कारण दिवसा तो फिल्टरच्या मागे चिकटून साधुसंतासारखा पडलेला असतो.

पानाच्या कडेला चंद्रकोरीसारखे चावे, किंवा पानं गायब आणि नुसते देठ उभे? टाकीत सिल्व्हर डॉलर किंवा रूपचंद आहे का बघा. लहान रूपचंद आपल्याकडे कित्येक दुकानांत 'पिरान्हा' म्हणून विकला जातो. मीही तसाच घेतला होता, ऑस्करला तोडीस तोड सोबत म्हणून. तो खरं तर पाकू नावाचा मासा. त्याला फळं, बिया, पाला सगळं चालतं आणि झाड म्हणजे त्याच्यासाठी पालेभाजी. दोन रूपचंदांनी एका रविवारात माझं व्हॅलिस्नेरिया (लांब पट्टीसारख्या पानांचं पाणझाड) गवत कापल्यासारखं बुंध्यापर्यंत आणलं. ते मासे मी एका शेततळेवाल्या नातेवाइकाला दिले. त्यांच्याबरोबर टिकेल असं पाण्याखालचं झाड मला तरी सापडलं नाही.

पान बुडाकडून काचेसारखं होतंय, बोट लावलं की विरघळतंय, पण कुणी चावल्याची खूण नाही? यात मासा निर्दोष आहे. नर्सरीत बरीच पाणझाडं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात, कारण तिथे ती लवकर भरतात. तुमच्या टाकीत बुडाली की ती हवेतली पानं गळतात आणि मग पाण्याखालची नवी पानं येतात. क्रिप्टोकोरायनी यासाठी कुप्रसिद्ध आहे. जागा बदलली, पाणी बदललं, जरा काही झालं की सगळी पानं टाकून देते. मुळं जिवंत असतील तर महिन्याभरात परत फुटते. पण ऑस्करच्या टाकीत तो महिना तिला मिळत नाही, हीच अडचण.

देठ बुडातून निसटतोय, टोकाला तपकिरी लगदा, आणि वास येतोय? मग आडवं खोड कुजलंय. ते बहुतेक वेळा आपण खडीत पुरलेलं असतं.

शेवटचं म्हणजे गोल भोकं. टाकीत गोगलगायी असल्या की आपण त्यांना दोष देतो, पण त्या बहुतेक आधीच मरायला टेकलेलं पानच खातात. जुन्या पानांवर बारीक भोकं आणि भोवती पिवळी कड असेल तर पोटॅशची कमतरता. त्याबद्दल पुढे.

तरीही कळत नसेल तर दोन फोटो काढा

रात्री दिवा बंद करण्याआधी झाडाचा एक फोटो, सकाळी दिवा लावल्या लावल्या दुसरा. ऑस्कर दिवसाचा प्राणी आहे. अंधार झाला की तळाशी किंवा लाकडाला टेकून झोपतो, कधी कधी इतका आडवा होऊन की नवख्या माणसाला मेला वाटतो. सकर रात्री फिरतो. पान रात्रीतून खराब झालं असेल तर ऑस्करची सुटका. दिवसा झालं असेल तर सकरची. मी हे चार दिवस केलं आणि पाच महिने ज्याला शिव्या घातल्या तो निर्दोष निघाला. (सकर आता बहिणीकडे आहे, झाडं नसलेल्या टाकीत मजेत.)

झाड निवडताना

दणकट झाड म्हणजे घट्ट रुजणारं झाड, असं मला वाटायचं. म्हणून मोठी अ‍ॅमेझॉन स्वोर्ड आणली. तिची मुळं भक्कम असतात, पण भक्कम व्हायला दोन-तीन महिने लागतात आणि ऑस्करला उपटायला दोन मिनिटं. कुंडीत लावून वर गोटे रचून बघितलं. त्याने गोटे एकेक करून तोंडात धरून बाजूला ठेवले. रागाने नाही, अगदी निवांत, दुपारी जेवण झाल्यावर.

तेव्हा पहिला नियम असा की या टाकीसाठी ज्याला खडी-मातीची गरजच नाही असंच झाड घ्यायचं. दगडाला, लाकडाला बांधून जगणारं, नाहीतर मुळं पाण्यात आणि पानं बाहेर ठेवणारं. तळ त्याचा आहे, त्यावर आपण हक्क सांगायचा नाही. खडीचा इंचभर थर नुसता त्याला उकरायला ठेवा. एक कोपरा पूर्ण मोकळा सोडला तर बराच वेळ तो तिथेच रमतो.

दुसरी गोष्ट पानाची. पान जाड, चिवट आणि चवीला वाईट हवं. अनुबियास नावाच्या पाणझाडात आपल्या अळूसारखेच कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात (दोन्ही एकाच कुळातली), त्यामुळे मासा एकदा चावून थुंकतो आणि बहुधा परत चावत नाही.

दुकानात 'पाणझाड' म्हणून जे मिळतं त्यातलं सगळं पाण्यातलं नसतं. लकी बांबूच्या जातीची ड्रसीना, जांभळ्या पानांची हेमिग्राफिस, मोंडो गवत ही सर्रास टाकीसाठी विकली जातात. ती जमिनीवरची आहेत. पाण्याखाली महिना-दोन महिने टवटवीत दिसतात आणि मग हळूहळू कुजतात. यांच्या मरणाचा आळही ऑस्करवरच येतो.

अनुबियास, आणि ते मेलं कसं

पश्चिम आफ्रिकेतलं हे झाड या कामासाठी पहिल्या पसंतीचं. पण त्यातलं बुटकं नाना पेटीट घेऊ नका. ऑस्करच्या एका शेपटीच्या फटक्यात ते खडीखाली जातं. मोठ्या पानांचं साधं बार्तेरी किंवा कॉफीफोलिया घ्या. किमान आठ-दहा पानं, आडवं खोड बोटभर लांब, आणि ते नखाने दाबून बघा. आल्यासारखं टणक लागलं पाहिजे. कुठे मऊ लागलं किंवा नाकाला वास आला तर दुकानात परत ठेवा, कितीही स्वस्त मिळालं तरी. कुजट खोड एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जातं. घरी आल्यावर कळलं तर धारदार ब्लेडने निरोगी भाग दिसेपर्यंत कापा, कुजलेलं फेकून द्या, उरलेलं आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा.

माझी पहिली तीन अनुबियास मीच मारली. मुळं दिसतात म्हणून खोडासकट खडीत पुरली, वर खडी थापली, छान दिसतं म्हणून. दोन आठवड्यांनी पानं देठासकट सुटून वर आली. मला वाटलं ऑस्करने तोडली. प्रत्यक्षात हवा-पाणी न खेळल्यामुळे खोड कुजलं होतं. मुळं खाली गेली तर चालतात, आडवं खोड कायम उघड्यावर राहिलं पाहिजे.

आणि हे झाड फार सावकाश वाढतं. एक नवीन पान यायला तीन-चार आठवडे लागतात. 'लागलंय का नाही' म्हणून हलवून बघू नका, हलवून बघणारा टाकीत आधीच एक आहे.

बांधायचं कशाने

खरं तर सगळा खेळ इथे आहे. झाड बरोबर निवडूनही ते दर महिन्याला सुटून येत असेल तर दोष बांधणीचा.

गोधडीचा सुती दोरा वापरला असेल तर सोडा. जिथे-तिथे सल्ला असतो की सुती दोरा वापरा, तो कुजेपर्यंत मुळं पकड घेतात. छोट्या माशांच्या टाकीत खरं आहे. ऑस्करच्या टाकीत दोरा काही आठवड्यांत पिचतो, अनुबियासची मुळं लाकूड धरायला महिने घेतात, आणि मधल्या काळात साहेब रोज येऊन एकदा हिसका देतात. मासेमारीचा तंगूस चालतो, पण खोडावर करकचून आवळला तर खोडात रुततो आणि तिथूनच कूज सुरू होते. मुळांवरून घ्या, खोडावर फक्त सैल एक वेढा.

मी आता दोन गोष्टी एकत्र वापरते. केबल टाय आणि सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद, म्हणजे फेविक्विकसारखा, शक्यतो जेल प्रकारचा. लाकूड किंवा दगड कपड्याने पुसून कोरडा करायचा, मुळांवर दोन-तीन थेंब, अर्धा मिनिट दाबून धरायचं. खोडावर गोंद लावू नका. गोंद पाण्यात गेला की पांढरा पडतो, घाबरायचं कारण नाही, वाळल्यावर माशाला त्रास होत नाही. एक मात्र जपा: सांडलेला गोंद कापसाने पुसू नका. कापूस आणि हा गोंद एकत्र आले की एकदम तापतो, बोट भाजतं. मी भाजून घेतलंय.

केबल टायचं उरलेलं टोक नखकटरने अगदी मुळाशी कापा. ऑस्कर दचकला की बाण सुटल्यासारखा पळतो, आणि टोकदार काही असलं तर डोळ्याला लागतं.

आता दगड. अडीच-तीन किलोंच्या आतला दगड घेऊ नका, ऑस्कर तो सरकवतो. आणि दगड खडीवर ठेवू नका. तो खालून खडी उपसतो, दगड कलंडतो, काचेवर आदळतो. आधी रिकाम्या तळावर पातळ फोम किंवा प्लॅस्टिकची जाळी, त्यावर दगड, मग भोवती खडी. आमच्याकडे एकदा रात्री साडेअकराला 'टण्ण' आवाज आला होता. काच फुटली नाही, पण त्या रात्री कुणी झोपलं नाही.

कुठला दगड? सह्याद्रीतला साधा काळा पाषाण उत्तम, पाण्यात काही सोडत नाही. ड्रिफ्टवुड, म्हणजे टाकीत ठेवायचं लाकूड, खाली बसावं म्हणून लोक घरात उरलेला कडप्पा किंवा शहाबादी फरशीचा तुकडा स्क्रूने लावतात. दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. पाण्याचा जडपणा आणि पीएच हळूहळू वर जातो. अनुबियास त्याने मरत नाही, पण तुमचं पाणी आधीच बोअरचं असेल तर त्यात भर कशाला? सिरॅमिक टाइलचा तुकडा घ्या, त्याला भोक पाडून एसएसचा स्क्रू. शंका आली तर दगडावर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर तो दगड बागेत ठेवा.

आणि झाड शक्यतो तळापासून वर ठेवा. लाकडाच्या उंच फांदीवर, टाकीच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात. ऑस्कर जास्तीत जास्त वेळ मध्यावर आणि तळाशी असतो, उचकपाचक करतो ती तळाशीच.

बाकीची झाडं, थोडक्यात

जावा फर्न अनुबियासखालोखाल. तेही बांधायचं, पुरायचं नाही. साधं रुंद पानाचं घ्या, विंडेलोव्ह आणि ट्रायडंटची नाजूक पानं चिंध्या होतात. पानामागे रांगेने तपकिरी ठिपके आले की लोक औषध शोधतात. ते बीजाणू आहेत, रोग नाही. पानाच्या टोकाला इवलीशी पिल्लं फुटतात, ती तोडून दुसरीकडे चिकटवा. उन्हाळ्यात पाणी तिशीच्या वर बरेच दिवस राहिलं तर हे झाड काळवंडतं. एप्रिल-मेमध्ये झाकण थोडं उघडून पाण्यावर छोटा पंखा सोडला की दोन-तीन अंश उतरतात, पण रोज पाणी घालावं लागतं, आणि उघड्या बाजूला जाळी लावावी लागते.

बोल्बिटिस सुंदर दिसतं, त्याला फिल्टरचा झोत आवडतो, पण किंमत बघता ऑस्करपुढे टाकायचा धीर मला झाला नाही. व्हॅलिस्नेरिया आपल्या देशातलंच, कणखर आणि भराभर पसरणारं, पण मुळं धरेपर्यंत संरक्षण लागतं. दुसऱ्या टाकीत ट्रेमध्ये महिना-दोन महिने वाढवून, मुळांची चटई झाली की ट्रेसकट आणून ठेवलं तर जमतं. लोखंडी जाळी मात्र वापरू नका. पिस्टिया आणि डकवीड तरंगतात म्हणून सुरक्षित वाटतात. ऑस्कर पिस्टियाची मुळं ओढून काढतो, आणि उरलेला पाला कॅनिस्टर फिल्टरच्या तोंडाशी जमतो. डकवीड तर एकदा आलं की तुम्ही घर बदललंत तरी बरोबर येतं.

मनी प्लांट

हे वाचून कुणी हसेल. पण ऑस्करच्या टाकीत सगळ्यात जास्त काम करणारं झाड हेच, आणि ते तुमच्या गॅलरीत बहुधा आहेच. मोठा मांसाहारी मासा म्हणजे भरपूर खाणं, भरपूर घाण. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट साठत जातं. अनुबियास इतकं हळू वाढतं की ते नायट्रेट फारसं उचलत नाही. मनी प्लांटची पानं हवेत असतात, त्याला कार्बन डायऑक्साइडची ददात नाही, ते सुसाट वाढतं आणि नायट्रेट ओढतं.

पद्धत: निरोगी वेलीचे तीन-चार पेरांचे तुकडे घ्या. मातीतली मुळं पाण्यात कुजतात, म्हणून कुंडीतलं उपटून टाकीत घालू नका. तुकडे आधी बाटलीत पाण्यात दोन-तीन आठवडे ठेवा, पांढरी नवीन मुळं बोटभर झाली की टाकीत. पेर पाण्यात, पानं बाहेर. एक पान जरी बुडालं तर ते कुजून पाणी खराब करतं.

इथे हमखास होणारी तक्रार म्हणजे 'मुळं वाढतच नाहीत'. वाढतात, पण ऑस्कर रोज कापतो. लोंबणारी मुळं त्याला गांडुळांसारखी दिसतात की काय कोण जाणे. चावून थुंकून देतो, पण कापायचं सोडत नाही. उपाय एकच, मुळं आणि मासा यांच्यामध्ये काहीतरी हवं. टॉप फिल्टर असेल तर त्याच्या खणात वेल ठेवा, सगळ्यात सोपं. नसेल तर बाथरूममधल्या साबणाची सक्शनवाली प्लॅस्टिक टोपली घ्या, तळाला जास्तीची भोकं पाडा, टाकीच्या वरच्या कडेला चिकटवा. माझ्या टोपलीत सहा महिन्यांत मुळांचा असा गुंता झाला की टोपली दिसेना. आता महिन्यातून एकदा कात्री लावते, कारण मुळं पंपाच्या तोंडात शिरली की पंप गरम होतो.

सिंगोनियम, पीस लिली हीही अशीच चालतात. अळूसुद्धा चालतं, पण पानं मोठी व्हायला उजेड बराच लागतो. ही सगळी चघळायला वाईट आहेत, तेव्हा घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर वेली त्यांच्या हाताला लागणार नाहीत अशा सोडा.

मनी प्लांट आहे म्हणून पाणी बदलणं थांबवायचं असं नाही. मी दर रविवारी तिसरा हिस्सा बदलते. मनी प्लांट लावल्यापासून फरक एवढाच की आठवड्याच्या शेवटी नायट्रेटच्या टेस्ट किटचा रंग पूर्वी लाल (म्हणजे जास्त) यायचा, आता नारिंगीवर थांबतो.

माशाला औषध, झाडाला विष

ऑस्करच्या डोक्यावर खड्डे पडले, पर फाटला, की आपण टाकीत काहीतरी ओततो. मूठभर खडे मीठ, मेथिलिन ब्लू, तांबं असलेलं एखादं औषध. पंधरा दिवसांनी झाडं विरघळतात आणि तोवर औषधाची आठवणही राहिलेली नसते. मेथिलिन ब्लू फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारतं, म्हणजे दुहेरी नुकसान. आजारी मासा शक्य तोवर मोठ्या टबात वेगळा काढून उपचार करा. ते जमत नसेल तर झाडं काढून बादलीत ठेवा, दगडाला बांधलेली असल्याचा हा फायदा, दोन मिनिटांत निघतात.

शेवाळासाठी 'लिक्विड कार्बन' म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांत बहुधा ग्लुटराल्डिहाइड असतं. व्हॅलिस्नेरिया त्याने हमखास वितळतं.

खताचं म्हणाल तर या टाकीत नत्र आणि स्फुरद उतू जातं, माशाच्या कृपेने. कमी पडतं ते पालाश (पोटॅश) आणि कधी लोह. जुन्या पानांना बारीक भोकं पडत असतील तर शेतीच्या दुकानात मिळणारं पाण्यात विरघळणारं सल्फेट ऑफ पोटॅश, पिशवीवर 0:0:50 लिहिलेलं. शंभर लिटरला एक ग्रॅम टाकलं की लिटरमागे साधारण चार-पाच मिलिग्रॅम पालाश मिळतं. आठवड्यातून एकदा एवढं पुष्कळ. दुकानदाराने 19:19:19 हातात ठेवलं तर घेऊ नका. त्यात युरिया आणि अमोनियमचं नत्र असतं, मोठ्या माशाच्या टाकीत ते थेट विष. नवं पान फिकं आणि शिरा हिरव्या असतील तर लोह, त्याचं द्रवरूप खत मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं.

पानांवर काळी दाढी

अनुबियासची पानं महिनोन्महिने तीच असतात, त्यामुळे शेवाळाला बसायला हक्काची जागा. हिरवे टणक ठिपके किंवा काळे केस आले तर बहुतेक वेळा दिवा जास्त वेळ चालू असतो. मासा बघायला आवडतो म्हणून आपण सकाळी सात ते रात्री अकरा दिवा ठेवतो. सहा-सात तास पुरे, टायमर लावा. खिडकीचं ऊनही मोजा. काळ्या केसांसाठी लाकूड बाहेर काढून त्या पानांवर औषधाच्या दुकानातलं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावायचं, दीड-दोन मिनिटांनी धुवायचं, परत ठेवायचं. केस आधी लाल-गुलाबी होतात, मग पांढरे पडून झडतात. फारच माखलेलं पान सरळ कापा. मनी प्लांटची सावली अनुबियासवर पडेल अशी रचना केल्यापासून मला हे वर्षातून एकदाच करावं लागतं.

ऑस्कर नसून दुसरा कुणी असेल तर

फ्लॉवरहॉर्न उकरण्यात ऑस्करचा बाप आहे, त्याच्याबरोबर मी फक्त टोपलीतला मनी प्लांट ठेवेन. अरोवाना खणत नाही, वरवर फिरतो. त्याच्यासाठी तळाची झाडं चालतात, पण पृष्ठभाग तरंगत्या झाडांनी भरू नका, त्याला वर मोकळं पाणी लागतं. मरळ किंवा डोक ठेवणाऱ्यांनीही पृष्ठभागाचा काही भाग कायम उघडा ठेवायचा, कारण हे मासे हवेतला श्वास घ्यायला वर येतात. बाकी त्यांना गर्द झाडी आवडते, आणि ते उगाच उकरत बसत नाहीत. झाकण मात्र घट्ट, वेलीसाठी ठेवलेल्या फटीतूनसुद्धा मरळ निसटतो.

छाटलेली पिस्टिया, जास्त झालेली वेल, नकोसा झालेला मासा यातलं काहीही नदीत, तलावात, विहिरीत टाकू नका. मुळा-मुठा, पवना आणि इंद्रायणीवरची जलपर्णी पुण्यातल्या माणसाला दाखवायला नको, आणि टाकीतून सुटलेला सकर उजनीच्या जलाशयात मच्छीमारांची जाळी फाडतोय. छाटणी मी गच्चीवर दोन दिवस उन्हात कडकडीत वाळवते आणि कंपोस्टच्या डब्यात टाकते. टाकीतलं काढलेलं पाणी मात्र बादल्यांनी कुंड्यांना जातं. गॅलरीतल्या ज्या वेलीचे तुकडे टाकीवर लावले, ती त्या पाण्यावर आता खिडकीच्या गजांवरून वरच्या मजल्यावर चाललीय, आणि वरच्या काकूंनी विचारलंय की आम्ही खत कुठलं घालतो.